वाळवू नये

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की सिंगापुरात ईशान्येकडचा पाऊस मुक्कामाला येतो. एरवीचा इथला पाऊस दुपारी तासभर आपटून निघून जातो. हा दोन-दोन दिवस एकाच लयीत पडत राहतो. समोरच्या इमारतीतील लोक खिडक्यांबाहेरचे कपडे आत ओढून घेतात आणि भिंतीतून बाहेर आलेले बांबू रिकामे भिजत राहतात. खालच्या हॉकर सेंटरमध्ये म्हातारी माणसे स्वेटर घालून कॉफी पितात. एवढ्या गारव्याला हे लोक थंडी म्हणतात. अमरावतीकडच्या माणसाने त्यावर हसावे. मी पूर्वी हसत असे. आता मीही स्वेटर घालतो.

या पावसात मला एकच हंगाम आठवतो. तो या बेटावरचा नाही. समुद्रापलीकडे सुमात्रात, एका निजलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी, रानात काढलेले ते अडीच महिने. तीस वर्षे झाली. तेव्हाही डिसेंबर होता आणि पाऊस असाच मुक्कामाला होता.

मी मातीचा सर्वेक्षक होतो. जमिनीत खड्डा घ्यावा, थर मोजावेत, माती बोटांत चोळून तिचा पोत ओळखावा, नमुने घ्यावेत, अहवाल लिहावा, एवढेच माझे आयुष्य. अशा माणसाच्या वाट्याला म्हातारपणी मरीन परेड यावे, हा योग विचित्र आहे. कारण मरीन परेडला माती नाही. इथे समुद्र होता. मागच्या टेकड्या कापून त्यांचा भराव इथे टाकला, त्यावर या इमारती उभ्या राहिल्या आणि बाराव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये मी राहतो. जिन्याखालच्या झाडांना माती पोत्यांतून येते. मी ती कधी चोळून पाहत नाही. तिला मागचा इतिहास नाही.

फ्लॅटमध्ये मी एकटा असतो. माझी पत्नी वत्सला सहा वर्षांपूर्वी अमरावतीला गेली. तिची थोरली बहीण न्हाणीघरात पडली होती आणि खुब्याचे हाड मोडले होते. पाहायला कोणी नव्हते. बहीण दोन वर्षांपूर्वी वारली. वत्सला तिथेच राहिली. तीही मातीचीच, मृदा-रसायन शिकलेली. कृषी महाविद्यालयात ती माझ्याहून दोन वर्षे मागे होती. आता आसपासचे शेतकरी पिशव्यांतून माती घेऊन तिच्या दारात येतात आणि ती तपासून देते. परत का येत नाहीस, असे मी तिला कधी विचारले नाही. परत ये, असेही म्हटलेले नाही. दर रविवारी सकाळी दहा वाजता मी फोन करतो. तिथे तेव्हा साडेसात झालेले असतात. रक्तदाब, औषधे, तिकडचा पाऊस, इकडचा पाऊस, मुलगा. पाच-सात मिनिटे. मग ती म्हणते, ‘बरं, ठेवू?’ मी म्हणतो, ‘ठेव.’

गेल्या गुरुवारी फ्रिज बंद पडला. मुलाला कळवले. मिलिंद रॅफल्स प्लेसला एका बँकेत आहे. संध्याकाळी तो तिथूनच एमआरटीने आला, बाह्या दुमडल्या आणि फ्रिज रिकामा करू लागला. तो इथेच वाढला. माझ्याशी मराठीत बोलतो, पण वाक्य कोणत्या भाषेत संपेल याचा भरवसा नसतो.

‘बाबा, हे दही कधीचं आहे?’

‘मंगळवारचं.’

‘कुठल्या मंगळवारचं?’

 त्याने दही टाकले. मग तो खालचा कप्पा ओढून वाकला आणि लोणच्याच्या बरण्यांमागून एक बाटली त्याने बाहेर काढली. जाड काचेची, रुंद तोंडाची, झाकणावर मेणाचा थर. त्याने ती दिव्याकडे धरली.

‘हे काय आहे? आईचं लोणचं?’

‘माती.’

‘माती? फ्रिजमध्ये? व्हाय लाह, बाबा?’ त्याने बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला. त्याला देवनागरी वाचता येते, पण अक्षर लावत लावत. ‘वर-चा थर. वा-ळ-वू नये.’ तो हसला. ‘एक्स्पायरी डेट नाही लिहिली.’

‘ती टाकू नकोस.’

‘टाकत नाही हो. पुसतोय फक्त.’

पुसताना मेण तडकले. तडकलेलेच असावे, फडक्याने ते निखळले एवढेच. मी बाटली त्याच्या हातून घेतली. आतली माती एका बाजूने काचेपासून सुटली होती. नखाएवढी फट. काचेच्या पलीकडून ती मला स्पष्ट दिसली.

माती वाळू लागली की आक्रसते. माझ्यासमोर जे घडू लागले होते ते मिलिंदला सांगण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, ‘नवा फ्रिज मंडेला येईल. तोवर खाली जाऊन जेवा, ओके?’ आणि गेला. मी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून न्हाणीघरात ठेवली. घरातली ती सर्वांत गार जागा.

तीस वर्षे ती बाटली आमच्या घरी आहे. कंपनीच्या परवान्यावर सुमात्राहून मातीचे नमुने आले, त्यातली. या काळात तीन फ्रिज झाले आणि प्रत्येक वेळी वत्सलाने ती स्वतःच्या हाताने नव्यात ठेवली, खालच्या कप्प्यात, मागे. कशासाठी, ते तिने सांगितले नाही. मी विचारले नाही, कारण मला ठाऊक होते.

त्या रानात आम्ही एकत्र होतो. मी सिंगापुरातल्या एका कंपनीसाठी काम करत होतो. रानाचा कोणता भाग लागवडीसाठी मोकळा करावा आणि कोणता राखावा, हे मातीवरून ठरवून द्यायचे होते. मी प्रमुख. वत्सला क्षेत्रनोंदी ठेवणार आणि पुढे प्रयोगशाळेत नमुने तपासणार, असे कंपनीशी ठरले होते. मिलिंदला सहा महिन्यांसाठी आजीकडे ठेवले होते. लाकडी खांबांवर पत्र्याचे छप्पर, आत दोन खाटा, शेजारी चूल. सकाळी धुक्यातून गिबन माकडांचे लांबत जाणारे ओरडणे येई. पानांवरून थेंब पडत राहत. पाऊस थांबला तरी ते थांबत नसत. कपडे वाळत नसत. वहीची पाने फुगत. वत्सला पेन्सिलीने लिहीत असे, कारण शाई पसरे.

पहिला खड्डा छातीइतका खोल घेतला. असा छेद मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. वर पाचोळा. त्याखाली काळा थर. आपल्याकडच्या काळीसारखा चिकट नव्हे, चहाच्या चोथ्यासारखा भुसभुशीत. त्याखाली तांबूस पिवळी राख, मऊ, एकजीव. आणि गुडघ्याच्या पातळीला सुरीने कापल्यासारखी एक रेघ. रेघेखाली नदीचा गाळ होता: वाळू, पोयटा आणि हाताच्या मुठीएवढे गोल गोटे. डोंगर फुटण्याआधी तिथून नदी वाहत होती. मग नदी सरकली, गाळ मागे राहिला, त्यावर राख पडली आणि राखेवर रान उगवले. नदी आता अर्ध्या कोसावर होती. झाडांची मुळे मात्र राखेतच होती. रेघेपाशी आली की ती आडवी वळत. खाली एवढा सुपीक गाळ असताना मुळे वरच्या थरातच का थांबतात, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. वत्सलाला तो पडला होता.

‘हात द्या,’ ती खड्ड्यातून म्हणाली.

मला वाटले, तिला वर यायचे आहे. मी हात खाली केला. तिने माझ्या तळव्यावर एक ढेकूळ ठेवले.

‘वजन सांगा.’

ढेकूळ चांगले मुठीएवढे होते, पण लाहीच्या लाडूसारखे हलके.

‘पोकळ आहे,’ मी म्हणालो.

‘पोकळ नाही. पाण्यानं भरली आहे. चोळून बघा.’

मी चोळले. आधी कोरडी भुकटी वाटली. दाब वाढवला तशी ती एकदम सुटली, बोटे घसरली आणि अंगठ्यावर पाणी उतरले. दाब काढून थोडा वेळ थांबलो तर ती पुन्हा जागच्या जागी घट्ट झाली. जणू काही झालेच नव्हते.

‘पिळल्याशिवाय दाखवत नाही, हिच्यात किती आहे ते,’ वत्सला म्हणाली. ‘तोवर कोरडी ठणठणीत. असतात काही माणसंही अशी.’

‘नोंद कर,’ मी म्हणालो.

‘मातीची ना?’

मी पुढच्या खड्ड्याकडे गेलो. मागून तिच्या हसण्याचा आवाज आला. ते हसू मला आता, मरीन परेडला, पावसात ऐकू येते. तेव्हा मी वळलो नव्हतो.

संध्याकाळी तिने टिपकागदाच्या तुकड्यावर चिमूटभर माती ठेवून वर द्रावणाचे थेंब सोडले. कागद बघता बघता गुलाबी झाला. राखेपासून झालेल्या मातीची ती खूण आहे. तिने तो कागद वहीत चिकटवला आणि शेजारी लिहिले: ‘ही माती ओलीच तपासावी.’ पुढच्या पंधरा दिवसांत अशा गुलाबी कागदांची वहीत रांग लागली.

आता माझ्या चुकीबद्दल.

आम्ही दोघे काळ्या जमिनीची माणसे. मी पूर्णेकाठचा. आमच्याकडे वैशाखात शेत भेगाळते. भेगेत काठी घातली तर हात कोपरापर्यंत आत जातो. मृगात पाणी पडले की तीच जमीन फुगते, भेगा मिटतात आणि चार दिवसांनी वाफसा आला की पेरणी होते. दर वर्षी कोरडी पडते आणि दर वर्षी सांधते. अशा जमिनीवर वाढलेल्या माणसाला वाटते की वाळल्याने मातीचे काही बिघडत नाही. महाविद्यालयातही तेच शिकवले होते: नमुना सावलीत वाळवावा, लाकडी मोगरीने कुटावा, चाळावा. वाळवणे, कुटणे, चाळणे. मी हजारो नमुने असे केले होते आणि एकही चुकला नव्हता.

‘अहो, ही वाळवू नका,’ वत्सला म्हणाली.

‘का?’

‘परत ओली होणार नाही.’

‘माती आहे. पाणी घातलं की होते ओली.’

‘आपल्याकडची होते. ही आपल्याकडची नाही.’

‘नियम सगळीकडे एकच असतो.’

‘नियम तुमचा आहे,’ ती म्हणाली. ‘माती इथली आहे.’

त्या रानात सावलीत काहीच वाळत नव्हते. म्हणून मी चुलीवर पत्रा टांगायला लावला आणि त्यावर नमुने पसरले. स्वयंपाक करणारी बाई कपाळाला हात लावून काहीतरी पुटपुटली. तिच्या चुलीवर चिखल शिजतो आहे, असे ती म्हणत असावी. चार दिवसांत त्या काळ्याभोर मातीची तपकिरी भुकटी झाली. वत्सलाने तिच्यावर पाणी ओतून पाहिले. पाण्याचे थेंब भुकटीवर मोत्यांसारखे बसून राहिले. आत शिरेनात. ती त्या थेंबांकडे पाहत उभी राहिली. मला दाखवायला तिने बोलावले नाही. मी पाहत होतो, हे तिला माहीत होते.

त्या दिवशी तिने एक ओला नमुना मला न विचारता बाटलीत भरला, मेणाने बंद केला आणि चिठ्ठी लावली.

सिंगापूरला परतल्यावर प्रयोगशाळेत तपासणी तिनेच केली. भुकटीचे कण पाण्यात सुटे होईनात. यंत्राने त्यांना वाळू मानले. पाणी धरण्याची क्षमता नगण्य आली. आकड्यांचा तक्ता माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, ‘आकडे बरोबर आहेत. माती चुकीची आहे.’

‘म्हणजे काय?’

‘रानात होती ती ही नाही. ही तुम्ही तयार केली, चुलीवर.’

मी तक्त्यावर विश्वास ठेवला. माझा तो शिरस्ता होता: नोंद आणि आकडा यांत अंतर पडले की आकडा धरायचा. शिवाय माझ्या मनाने आधीच गाळाच्या बाजूने कौल दिला होता. आमच्याकडे गाळाची जमीन म्हणजे सोने. नदीकाठचा पोयटा असलेले शेत ज्याचे, त्याच्याशी लोक सोयरीक करतात. एवढा गाळ राखेखाली दडलेला पाहून मला तो वाया जातो आहे असे वाटत होते. मी लिहिले की वरचा थर वाळूसर असून पाणी धरण्यास असमर्थ आहे. तो खरवडून खालच्या गाळावर लागवड करावी. आणि पुढे लिहिले: ‘क्षेत्रनोंदी प्रयोगशाळेच्या निष्कर्षांशी जुळत नाहीत. त्या विश्वसनीय मानू नयेत.’

अहवाल टाइप करायला वत्सलाच बसली होती. कंपनीतल्या मुलीला मातीचे शब्द कळत नसत. त्या वाक्यापाशी तिची बोटे थांबली.

‘हेच लिहू?’

‘हेच.’

‘नुसतं क्षेत्रनोंदी? की माझं नाव घालू?’

‘नावाची गरज नाही.’

‘बरं,’ ती म्हणाली, आणि तिने ते वाक्य एकही चूक न करता टाइप केले.

त्यावरून आमचे भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते. ती पुढेही माझ्याबरोबर काम करत राहिली, मिलिंदला शाळेत सोडत राहिली, वैशाख पौर्णिमेला इथली आपली चार घरे जमत तेव्हा खीर करत राहिली. माझ्या कामाबद्दल मात्र तिने पुन्हा कधी मत दिले नाही. विचारले तर म्हणे, ‘तुम्हाला कळतं.’ त्या दोन शब्दांत काय होते, ते समजण्याइतका मी मूर्ख नव्हतो. उत्तर देण्याइतका शहाणाही नव्हतो.

त्या अहवालानुसार पुढे किती रान गेले, ते मी विचारले नाही. अहवाल दिला की सर्वेक्षकाचे काम संपते, असे मी तेव्हा म्हणत असे. वर्षा-दोन वर्षांनी कंपनीत कोणीतरी सांगितले की त्या बाजूच्या नदीला पावसाळ्यात तपकिरी पाणी येते. मी नकाशा गुंडाळत होतो. गुंडाळत राहिलो.

चार-पाच वर्षांनी ग्रंथालयात एक नियतकालिक चाळत असताना मला तो नियम सापडला. नवा नव्हताच. ज्यांच्या देशात ज्वालामुखी आहेत, त्या लोकांना तो पूर्वीपासून ठाऊक होता. राखेची माती ओलीच तपासावी. एकदा पूर्ण वाळली की ती पाणी पुन्हा पूर्वीसारखे धरत नाही, तिच्यातील सूक्ष्म कण एकमेकांना कायमचे चिकटतात आणि वाळूचे सोंग घेतात. राखेखाली भरड गाळ असेल तर पाणी रेघेपाशी थबकते, वरच्या थरातच राहते. म्हणून मुळे तिथे थांबतात. वत्सलाच्या वहीतली प्रत्येक ओळ तिथे होती. मी नियतकालिक जागेवर ठेवले आणि घरी आलो. वत्सला भेंडी चिरत होती.

‘काय झालं?’ माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने विचारले.

‘काही नाही.’

त्या क्षणी सांगितले असते तर एका वाक्याचे काम होते. दुसऱ्या दिवशी ते थोडे अवघड झाले. महिन्याने अधिक. वर्षाने तर त्याला प्रसंगच उरला नाही. जेवताना अचानक काय म्हणणार? आणि ती सहा वर्षांपूर्वी विमानतळाकडे निघाली तेव्हा म्हणाली होती, ‘फ्रिजकडे लक्ष ठेवा.’ मी म्हणालो होतो, ‘ठेवतो.’ वर्षातून दोनदा मी खालचा कप्पा उघडून बाटली पाहत असे. काचेला माती सर्व बाजूंनी टेकलेली असे. तेवढ्याने मला वाटे की अजून वेळ आहे.

गुरुवारी ती फट दिसली.

बाटली उघडायचे ठरवले तर ती एकदाच उघडता येणार होती. उघडली की हवा लागणार. चोळून पाहायचे तर त्या एका चिमटीत कळायला हवे, आणि माझ्या बोटांची मला खात्री नव्हती. मधुमेहाने बोटांची टोके बधिर होतात. शर्टाचे बटण लागले की नाही, हे मला आरशात पाहून समजते. साधनाची परीक्षा आधी घ्यावी लागते. म्हणून शनिवारी पाऊस जरा विरला तसा मी पुलाउ उबीन या शेजारच्या छोट्या बेटावर गेलो. तिथे खरी माती आहे, बेटाच्या स्वतःच्या खडकापासून झालेली.

धक्क्यावरची होडी बारा माणसे झाल्याशिवाय सुटत नाही. एरवी शनिवारी सायकली घेऊन रांग असते. त्या दिवशी पावसामुळे बाकावर मी एकटा होतो.

‘अंकल, अलोन आ?’ होडीवाल्याने विचारले. तो माझ्याच वयाचा असावा.

‘यस.’

‘वेट लाह. समबडी विल कम.’

पाऊण तास कोणी आले नाही. आम्ही दोघे पाण्याकडे पाहत बसलो. मग सायकलवाल्यांची एक टोळी भिजत आली आणि होडी सुटली.

बेटावर जुन्या लाकडी घरांच्या मागे पायवाटेची एक कड पावसाने खचली होती. मी छत्री टेकवून खाली बसलो. गुडघ्यांनी हरकत घेतली. चिमूटभर लाल माती घेतली, थुंकीने भिजवली, चोळली. चिकट, चिवट, मध्ये खरखरीत कण. अंगठ्याने पुढे रेटली तर फीत निघाली, बोटभर लांब. कळत होते. अंगठ्याच्या टोकाला नाही, पण आतल्या बाजूला अजून कळत होते.

‘अंकल, लॉस्ट समथिंग आ?’ त्या टोळीतली एक मुलगी सायकल थांबवून विचारत होती.

‘नो,’ मी म्हणालो. आणि चिमूट होती तिथे परत ठेवली.

रविवारी सकाळी नऊला मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले, बाटली आणली, फडके सोडले. राहिलेले मेण सुरीने काढले. झाकण गंजले होते. दोन झटक्यांत फिरले.

आधी वास आला. तो मी वर्णन करणार नाही. तीस वर्षे बंद राहिलेले रान टेबलावर आले, एवढेच.

फटीकडची कड मी टाळली. मधोमध बोट घालून बोराएवढा गोळा काढला. रंग अजून काळा. वजन नव्हते. अंगठ्याच्या आतल्या बाजूवर घेऊन चोळू लागलो. कोरडी भुकटी वाटली. आणखी चोळले. भुकटीच. तेव्हा मला वाटले की उशीर झाला, आणि मी उठून खिडकीपर्यंत गेलो. खाली भरावावरची झाडे भिजत होती. परत येऊन बसलो आणि जोर लावून पिळले, जसे तिने खड्ड्यातून सांगितले होते.

माती सुटली. बोटे घसरली. अंगठ्यावर पाणी आले.

सव्वानऊ वाजले होते. मी दहाची वाट पाहिली नाही.

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. ‘काय झालं? पडलात का?’

‘नाही.’

‘मिलिंद ठीक आहे?’

‘ठीक आहे. फ्रिज बिघडला.’

‘फ्रिज?’  मग आवाज खाली आला. ‘बाटली?’

‘उघडली. आत्ता. वाळू लागली होती एका कडेनं. मधली ओली आहे. चोळून पाहिली, पाणी सुटलं.’

 तिच्या मागे एक बैलगाडी गेली असावी, किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली.

‘तुझं बरोबर होतं,’ मी म्हणालो. ‘वाळवायला नको होती. मला बरीच वर्षं माहीत आहे.’

‘किती?’

‘पंचवीस.’

‘भेंडीच्या दिवशी,’ ती म्हणाली. ‘मला वाटलंच. ग्रंथालयातून आला होतात.’

मी वर्तमानपत्राची दुमडलेली कड सरळ केली.

‘आणि हे सांगायला फ्रिज बिघडावा लागला?’

‘हो.’

‘धन्य आहे तुमची.’ ती हसली असे मला वाटले, खात्री नाही. मग एकदम म्हणाली, ‘झाकण कुठाय?’

‘टेबलावर.’

‘म्हणजे उघडीच आहे अजून? लावा आधी! मी थांबते.’

मी फोन खाली ठेवला, बोटावरची माती बाटलीच्या कडेला निपटून आत टाकली, झाकण फिरवले. फोन पुन्हा कानाला लावला.

‘लावलं.’

‘क्षेत्रनोंदी प्रयोगशाळेच्या निष्कर्षांशी जुळत नाहीत,’ ती म्हणाली. सावकाश, पाठ म्हणावे तसे. ‘त्या विश्वसनीय मानू नयेत.’

‘ते वाक्य चूक होतं.’

‘ऐकलं,’ ती म्हणाली. ‘आता ठेवते. दोघं जण माती घेऊन दारात बसलेत पहाटेपासून. फेब्रुवारीपर्यंत अशीच गर्दी राहील. मग काम सरतं.’

‘बरं.’

‘ठेवू?’

‘ठेव.’

कपाटातून मी अहवालाची माझी प्रत काढली. ती कंपनी आता नाही. रानही बहुधा नसेल. हे पान कोणी वाचणार नाही. दुरुस्ती वाचकासाठी करायची नसते. मी ते वाक्य पट्टी धरून खोडले, शिफारशीवर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिले की वरच्या थराचे निष्कर्ष सदोष आहेत, नमुने सर्वेक्षण-प्रमुखाच्या आदेशावरून वाळवले गेले होते, क्षेत्रनोंदी अचूक आहेत. खाली तिचे पूर्ण नाव लिहिले. मग माझी सही आणि तारीख.

शाई वाळेपर्यंत बसून राहिलो. या हवेत तिला वेळ लागतो. फेब्रुवारीत काम सरते, असे ती म्हणाली होती. आणि मी म्हणालो होतो, ‘बरं.’

एका दिवशी दोनदा फोन करण्याची मला सवय नाही. मी लावला. या वेळी बराच वेळ घंटा वाजली. मागे कोणी शेतकरी विचारत होता, ‘मग बाई, कपाशीले चालंन का हे?’ त्याला थांबायला सांगून ती फोनवर आली.

‘आता काय राहिलं?’

सहा वर्षे म्हणायचे राहिले होते ते मी म्हणालो: ‘परत ये.’